सुट्टी घेऊनही थकवा का जात नाही?

"शनिवार-रविवार घरी पडून काढला, तरी सोमवारी लॅपटॉप उघडताना छातीत धस्स होते, माझ्यातच काही कमी आहे का?" हा प्रश्न संगणक क्षेत्रातील अनेक तरुण मला विचारतात. गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आपल्या घरातूनच अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणारा एक प्रोग्रामर तो घेऊन आला, तेव्हा त्याची झोप पार विस्कटलेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, त्यामुळे त्याच्या बैठका घरात दिवेलागण झाल्यावर सुरू होत. त्या संपल्या तरी न सुटलेला बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, डोक्यात घोळत राही आणि तो विसरण्यासाठी तो मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसे. रविवारी मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला तरी कार्यालयाच्या चॅटचे संदेश खिशात वाजतच असत. "दिवसभर घरातच तर असतोस, दमायला काय झाले?" हा आईचा प्रश्न त्याला सर्वांत जास्त लागत असे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याला, आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले, आणि दमणूक, कामाबद्दल तुटलेपण व परिणामकारकता घटणे ही तिची तीन लक्षणे सांगितली. या तरुणात पहिले लक्षण ठळक होते. विश्रांतीबाबत सॉनेंटाग आणि फ्रिट्झ या संशोधिकांनी 2007 मध्ये केलेली मांडणी मला उपयोगी वाटते: कामापासून मन सुटणे, शरीर-मन सैलावणे, नवे काही शिकणे आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणे. तो फक्त पडून राहत होता. मन सुटलेलेच नव्हते.

म्हणून पहिला बदल कामाच्या शेवटच्या दहा मिनिटांत केला. कोड कुठे अडला, कोणता अंदाज तपासून झाला आणि उद्या पहिली चाचणी कोणती घ्यायची, हे तो वहीत लिहू लागला. अपुऱ्या कामाची नेमकी योजना लिहिली की त्याचे विचार मनात कमी घुसतात, असे 2011 च्या एका अभ्यासातही दिसले आहे. प्रोग्रामरांना हे पटकन पटते, कारण कामात नोंदी ठेवणे त्यांना नवे नसते.

दुसरा बदल त्यानेच शोधला. गणेश चतुर्थीपूर्वी गावात घुमट आरतीचा, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हणायच्या आरत्यांचा, सराव चाले, तिथे तो शनिवारी जाऊ लागला. घुमट वाजवताना एक हात चामड्यावर आणि दुसरा मडक्याच्या उघड्या तोंडावर असतो, त्यामुळे मोबाइल धरायला हातच उरत नाही. शिवाय शामेळ या साथीच्या तालवाद्याशी ताल जुळवताना लक्ष हलले की चूक लगेच सर्वांना ऐकू येते. कुणी हेच पोहून किंवा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राबून साधेल.

तरीही सगळा भार त्याच्यावरच टाकणे मला मान्य नव्हते. बिघाड झाल्यास रात्री उठण्याची जबाबदारी कायम त्याच्याचकडे होती. ती पाळीपाळीने वाटून घ्यावी आणि रात्री उठावे लागल्यास दुसऱ्या दिवशी उशिरा रुजू होता यावे, अशी लेखी विनंती त्याने वरिष्ठांकडे केली. पाळी मान्य झाली, उशिराची सवलत अजून चर्चेत आहे. झोप मात्र बरीच सुधारली आहे. ती सुधारली नसती, किंवा उदासी टिकून जगणे नकोसे वाटू लागले असते, तर मी त्याला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. अशा वेळी 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.