आधी किचन, मग काउंटर

प्रश्न : माझा मुलगा आयर्लंडमध्ये गॉलवेला हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करतोय. शनिवार-रविवारी क्लेअर काउंटीतल्या एका घरगुती पब-रेस्टॉरंटमध्ये काम करतो. मालक नवरा-बायको साठीच्या पुढचे, त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. ‘शिक्षण झालं की मॅनेजर म्हणून राहा, पुढे पब तूच चालवायला घे,’ असं ते म्हणतात. मुलगा खूश आहे. त्याच्या बाबांचं म्हणणं, दारूच्या गुत्त्यासाठी कर्ज काढलं का? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, बाबांना सांगा, हा गुत्ता नव्हे. आयर्लंडच्या गावातल्या पबमध्ये लोक मुलाबाळांसकट दुपारी जेवायला येतात, मयत झालं की दफनानंतरचं जेवणही बऱ्याचदा तिथेच असतं. खरी अडचण तुमच्या पत्रात आलेलीच नाही. ‘मॅनेजर’ या हुद्द्यावर त्याला तिथे फार काळ राहता येणार नाही.

मास्टर्सनंतर ‘स्टॅम्प वन-जी’वर, म्हणजे शिक्षण संपलेल्यांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवानगीवर, जास्तीत जास्त २४ महिने काम करता येतं. पुढे एम्प्लॉयमेंट परमिट लागतं. ज्या कामांना ते मिळतच नाही, त्या सरकारी यादीत पब मॅनेजर, रेस्टॉरंट मॅनेजर, बारमन, वेटर असे सगळे आहेत. शेफना मात्र मिळू शकतं. ‘शेफ द पार्टी’साठी, म्हणजे किचनचा एक विभाग सांभाळणाऱ्या शेफसाठी, किमान २ वर्षांचा अनुभव लागतो, सू-शेफ (हेड शेफच्या हाताखालचा) आणि हेड शेफसाठी ५ वर्षांचा. म्हणजे हे २४ महिने पहिल्या आठवड्यापासून किचनमध्येच जायला हवेत आणि नेमणूकपत्रावर, पगाराच्या पावतीवर हुद्दाही तोच हवा. सहा महिने काउंटरवर गेले तर हिशेब चुकला. भारतात त्याने हॉटेलच्या किचनमध्ये काम केलं असेल, तर ते अनुभवपत्र आत्ताच मागवून घ्या. आणखी एक अट : सर्वसाधारणपणे मालकाचे निम्मे कर्मचारी तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रातले, म्हणजे मुख्यतः युरोपीय संघातल्या देशांचे नागरिक, असावे लागतात. आठ माणसांच्या पबमध्ये एकाने नोकरी सोडली तरी हे गणित बिघडू शकतं. यादी आणि किमान पगाराचे आकडे बदलत असतात, अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. किचन म्हणजे रविवारचं रोस्ट बीफ आणि बेकन-कोबी हाताळणं आलं, चव घेणंही आलं. घरात हे बोलून झालं नसेल तर बोलून घ्या.

किचनची शिस्त कडक आहे. मांस आतपर्यंत ७५ अंशांवर शिजायला हवं, गरम ठेवलेलं अन्न ६३ च्या खाली जाता कामा नये, आणि रोज नोंद ठेवायची. चाउडरचं, म्हणजे दाट सूपचं, मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, जंतू तिथेच वाढतात. उथळ ट्रेमध्ये ओतून दोन तासांच्या आत गार करायचं. १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला लेखी द्यावी लागते. नवखे हमखास चुकतात ते बीफ-स्टाउट स्ट्यूमध्ये. स्टाउट म्हणजे काळी बिअर, तिच्यात बार्ली, म्हणजे ग्लुटेन आलंच, मग रस्सा दाट करायला मैदा घातलेला असो वा नसो.

काउंटर सुट्टीच्या दिवशी शिकावा, पण शिकावाच, कारण पैसे तिथे गळतात. ५० लिटरच्या केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून, कागदावर ८८ पाइंट (मोठे ग्लास) निघतात. केगमागे पाच पाइंट वाया गेले, पाइंट ६ युरोला आणि आठवड्याला दहा केग धरले, तर ३०० युरोंची विक्री गटारात, वर्षाला १५,६००. कारणं साधी असतात : केग गार व्हायच्या आत जोडला, नळी वेळेवर धुतली नाही, गॅस चुकला. स्टाउटला तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण साधारणपणे लागतं. चुकून नुसता कार्बन डायऑक्साइड लावला तर नुसता फेस येतो. ग्लास ४५ अंशांत धरून पाऊण भरायचा, ठेवून द्यायचा, तपकिरी ढग खाली बसून काळा रंग स्थिरावला की नळाचा दांडा मागे ढकलून वर फेसाची साय चढवायची. ग्लासला किचनच्या तेलाचा हात लागला असेल तर ती साय टिकत नाही. म्हणून ग्लास ताटांच्या मशीनमध्ये धुवायचे नाहीत.

आता ‘पुढे तूच चालवायला घे’. साध्या परमिटवर ५७ महिने काढले की ‘स्टॅम्प फोर’साठी, म्हणजे परमिटशिवाय राहून काम करायच्या परवानगीसाठी, अर्ज करता येतो, आणि स्वतःचा धंदा त्यानंतर. आजपासून सात वर्षं धरा. तोवर मालक सत्तरीला टेकलेले असतील आणि डब्लिनमधल्या पुतण्याला अचानक पब आठवलेला असेल. घरच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. तेव्हा तोंडी शब्दावर आज सुट्ट्या आणि पगार सोडू नये. ‘घरचाच आहेस, थांब जरा,’ म्हणत ६० तास राबवून घेतलं जातं, कायद्याने आठवड्याची सरासरी ४८ तासांच्या वर जाता येत नाही, आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती हवी.

घ्यायची वेळ आलीच तर आधी लायसन्स बघावं. १९०२च्या कायद्यापासून तिथे नवं पब लायसन्स सहसा जुनं एखादं रद्द करूनच मिळतं, त्यामुळे कागदाला स्वतःची किंमत आहे. ते दर ३० सप्टेंबरला संपतं आणि कर थकलेला असेल तर नूतनीकरण अडतं. शिवाय मद्यावर २३ टक्के व्हॅट, म्हणजे ६ युरोच्या पाइंटमधले १.१२ युरो सरकारचे. तीन वर्षांचे हिशेब महिनावार मागावेत. क्लेअरच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टचा गल्ला कोणालाही भुरळ घालतो, भाडं आणि वीजबिल मात्र फेब्रुवारीतही भरायचं असतं.

या आठवड्यात मुलाने मालकांना एकच विचारावं : डिग्री झाल्यावर ‘शेफ द पार्टी’ म्हणून लेखी नेमणूक देता का? ‘नाही’ म्हणाले तर गॉलवेतल्या हॉटेलांच्या किचनमध्ये अर्ज सुरू करावेत.