दत्तक ग्रेहाउंड कुत्र्याचा टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक) रक्ततपासणीत कमी आला आहे. थायरॉइडची गोळी सुरू करावी का? (ठाणे)

केवळ टी-४ कमी आला म्हणून गोळी सुरू करू नये. ठाण्यातील असो वा अन्य कुठलीही, प्रयोगशाळा अहवालावर बहुधा सर्वसाधारण कुत्र्यांची मर्यादा छापते. निरोगी ग्रेहाउंडमध्ये मात्र टी-४ व प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) मुळातच कमी, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पुष्कळदा ५० टक्क्यांच्या वर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजला जाणारा घटक) किंचित जास्त असते, हे पशुवैद्यकीय संदर्भग्रंथांत नोंदलेले आहे. मांड्यांवरचे विरळ केसही या जातीत नेहमीचेच, त्यामुळे त्यांवरून निदान करणे घाईचे ठरेल. तथापि सुस्ती, आहार तोच असूनही वाढणारे वजन किंवा त्वचेचा वारंवार होणारा संसर्ग दिसत असेल, तर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळा असलेला टी-४) तपासून पशुवैद्यांनी निर्णय घ्यावा.