सोलापूर: नान्नजजवळ सोलर साइटच्या कुंपणात काळविटं अडकली आहेत, पकडून दुसरीकडे सोडता येतील का?

स्वतः तर अजिबात नाही. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला पकडणं किंवा पकडण्यासाठी हाकणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

बहुतेक वेळा पकडायची गरजही नसते. काळवीट भलतं भित्रं. पाठलाग केला, पाय बांधले की ताणाने स्नायूच निकामी होतात आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर दोन-चार दिवसांनी मरतं. म्हणून मध्य प्रदेशात बोमा पद्धत वापरली: नरसाळ्यासारखं हिरव्या कापडाचं कुंपण आणि टोकाला थेट गाडी.

तुमच्याकडे वनविभागाच्या सल्ल्याने कळपाच्या रोजच्या वाटेवरची जाळी ऐसपैस उघडा, काम थांबवा, रात्रीचे फ्लडलाइट बंद ठेवा, कुत्री बांधा. कळप आपणहून माळावर निघून जाण्याची शक्यता बरीच असते. घाई ठेकेदाराला असते, काळविटांना नाही!

जेसीबी फिरवण्याआधी गवत मात्र पायी चालून बघा. पाडस हालचाल न करता दबून बसतं. दिसलं तर उचलू नका, आई जवळपासच असते.