सातपुड्याला खत कोण घालतं?

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी-कपाशीवाला शेतकरी. सातपुड्याच्या रानात कोणी युरियाचं एक पोतं टाकत नाही, तरी पावसाळा लागला की सगळं हिरवंगार. आमच्या काळ्या जमिनीला मात्र दरसाल जास्तच खत लागतं. असं का?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, रानात जे उगवतं ते बहुतेक तिथंच पडतं आणि तिथंच कुजतं. शेतातलं गाडीत भरून जातं.

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की सातपुड्यातल्या पाल गावच्या रानात सागाच्या पाल्याचा वरचा थर उचलून पाहा. खालची पानं जाळीदार झालेली दिसतील, त्यांत पांढरे तंतू. ती बुरशी. साग पान गाळण्याआधीच त्यातलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) फांदीत ओढून घेतो. खाली पडतं ते चिवट पान. उन्हाळाभर वाळवी ते कुरतडते. मृगाच्या सरी आल्या की कोरड्या मातीतले जिवाणू एकदम कामाला लागतात, नत्र मोकळं होतं, आणि नेमकी त्याच दिवसांत झाडाला नवी पालवी फुटत असते. मला या सगळ्यात वेळेची ही जुळणीच सर्वांत मोलाची वाटते. थोडंफार वाहून तापीला जातंच. त्याची भरपाई खैर-शिसवाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून करतात. स्फुरद मात्र हवेत नसतं. ते काळ्या खडकाच्या झिजेतून, फार सावकाश येतं.

आता तुमचं शेत. एक टन केळीबरोबर चार-पाच किलो पालाश (पोटॅश) तरी बाहेर जातं. वर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बांधावर पेटवल्या, की त्यांतलं नत्र आणि गंधक धुरात गेलं. राखेत पालाश, स्फुरद उरतं, पण तेही एका जागी. हे जाळणं मला खरंच बघवत नाही. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात उभी ठेवायची नाही, हे बरोबर. पण तिची कुट्टी करून शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा. कच्ची कुट्टी पेरणीच्या तोंडावर मातीत गाडू नका. ती कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र स्वतःकडे ओढतात आणि पीक पिवळं पडतं.

केळीच्या खोडात पालाश भरपूर असतं आणि ते पावसाच्या पाण्यात लवकर उतरतं. खोडं बांधावर टाकली तर बांधालाच खत मिळतं. तुकडे करून ओळींमध्ये पसरा. विषाणूचा रोग झालेलं झाड मात्र उपटून बाहेर काढाच. फळाबरोबर गेलेलं पालाश विकतच आणावं लागेल; किती, ते माती परीक्षण करून ठरवा.