साफ केलेली थ्रॉटल बॉडी आणि चढलेले आयडलिंग

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन सिग्नलला थांबल्यावर थरथरत असे, म्हणून मी घरीच थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) उतरवून साफ केली. थरथर थांबली; परंतु पूर्वी ७५० आरपीएमवर स्थिर राहणारा काटा आता गाडी उभी असतानाही १,५००च्या खाली येत नाही. माझ्या हातून काही बिघडले का? बॅटरीची तार काढून ठेवल्यास रिसेट होईल का?

उत्तर : बहुधा काहीही बिघडलेले नाही. इंजिनाच्या क्रँककेसमधून, म्हणजे खालच्या तेलाच्या भागातून, येणारी तेलाची वाफ आणि काजळी थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला साचत जाते. कापडाने पुसताना त्यावर चंद्रकोरीसारखा काळा डाग उमटलेला आपण पाहिलाच असेल. या थरामुळे हवेची वाट जसजशी अरुंद होते, तसतसा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) झडप किंचित अधिक उघडी ठेवून तूट भरून काढतो आणि ते माप लक्षात ठेवतो. आपण मळ काढलात, पण ईसीयू अजूनही मळ धरूनच हिशेब करतो आहे.

तरीही रिसेटकडे वळण्यापूर्वी हवेची गळती तपासावी, कारण तिचे लक्षण अगदी हेच असते. सांधा हवाबंद ठेवणारे गॅस्केट दुमडले आहे का, एखादी बारीक व्हॅक्यूम नळी जोडायची राहिली आहे का, हे पाहावे. इंजिन चालू असताना ‘सूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर शोध तिथेच संपतो. स्कॅनरवर (ईसीयूतील बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) पी०५०७ हा कोड दिसला, तर तो आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचा वेग, जास्त आहे एवढेच सांगतो, कारण सांगत नाही.

रिसेटची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधील क्रमच पाळावा. साधारणपणे इंजिन गरम असावे, बॅटरी सशक्त असावी, एसी व दिवे बंद असावेत आणि पेडलला पाय लावू नये, अशा अटी असतात. बॅटरीची तार काढल्याने काही गाड्यांत शिकलेली मापे पुसली जातात, काहींत जात नाहीत. खिडक्यांच्या काचांचे ऑटो सेटिंग किंवा रेडिओचा कोड मात्र जाऊ शकतो. काही गाड्या स्कॅनरमधील थ्रॉटल रीलर्नशिवाय (ईसीयूला झडपेचे माप नव्याने शिकवणे) दाद देत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे.

गळती नाही, रीलर्नही झाले, तरी काटा उतरत नसेल, तर साफ कसे केले ते आठवावे. काही झडपांच्या कडेला कारखान्यातच गडद लेप दिलेला असतो. तो मळ समजून कार्ब्युरेटर क्लीनरने किंवा ब्रशने खरवडला, तर फट कायमची वाढते. यासाठी थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर फवारून हलक्या हाताने पुसावे. थेट फवारा मारल्यास द्रव सेन्सर व मोटरच्या बाजूला झिरपू शकतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नये : आतील मोटर झडप अचानक मिटवते, तेव्हा बोट सापडतेच, शिवाय ओढाताणीत गिअरचे दातेही दुखावू शकतात. झडप कुठवर मिटेल ते ठरवणारा स्टॉप स्क्रू फिरवून काटा खाली आणण्याचा सल्ला कुणी दिल्यास तो मानू नये. ते माप कारखान्यातच ठरवलेले असते.