बसस्टँडवर झोपणाऱ्या आजोबांना बेघर निवारा केंद्रात नेऊन खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावच्या बसस्टँडवर साठी उलटलेले एक आजोबा बरेच दिवस झोपतात, निवारा केंद्राचं नाव काढलं की हात जोडून ‘नको’ म्हणतात, आणि नेलं तरी चार दिवसांत पुन्हा रस्त्यावर येतील अशी तुम्हाला शंका आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात अशाच केंद्राची व्यवस्था बघते, म्हणून उत्तर देते. उपयोग होतो, नक्की होतो. पण तो पहिल्या रात्रीच्या गादीने होत नाही. त्यानंतरचे सहा-आठ महिने कोणी पाठीशी उभं राहिलं, तर होतो.

आधी त्यांच्या ‘नको’बद्दल. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला ‘चला, तुम्हाला संस्थेत नेतो’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे भिक्षेकरी गृह येतं. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा आहे. त्या कायद्याने माणसाला पकडून दंडाधिकाऱ्यासमोर उभं करता येतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं आत ठेवता येतं. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण महाराष्ट्रात हा कायदा अजून आहे. ज्याने एकदा धरपकडीची गाडी आलेली बघितलीय, तो पुढच्या गाडीत आपणहून कसा बसेल? त्यांचं ‘नको’ अनुभवातून आलेलं असतं, ते हट्टीपणात काढू नका.

निवारा केंद्र वेगळं आहे, आणि हे त्यांना शांतपणे, दोन-तीनदा सांगावं लागतं. इथे कोणाला कोंडत नाहीत. सकाळी कामाला जायचं, संध्याकाळी परत यायचं, सोडून जावंसं वाटलं तर जायचं. या केंद्रांमागे सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश आहे. त्या हिवाळ्यात दिल्लीत पुसा रोडजवळचा एक रात्र निवारा पाडला गेला, माणसं थंडीत उघड्यावर आली, आणि अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने हा प्रश्न हाती घेतला. मोठ्या शहरांत लाखभर लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं तेव्हा ठरलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. लाखामागे किमान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, एक व्यवस्थापक, पाळीपाळीने तीन काळजीवाहक. कागदावर फार चांगलं आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले, आणि तिथली लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवीत. प्रत्यक्षात आहेत ती त्याच्या जवळपासही नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

आता माणूस आला की काय होतं ते सांगते. नोंदवहीत नाव, गाव, वय लिहितो आणि पोलीस ठाण्याला कळवतो. अंघोळ, दाढी, नखं, धुतलेले कपडे, गरम जेवण. पण बोचक्याला हात लावत नाही. नवीन काळजीवाहकाला मी हेच पहिलं शिकवते. बाहेरून ते चिंध्यांचं गाठोडं दिसतं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात घड्या पडून फाटलेली रेशनकार्डाची झेरॉक्स, एखादा फोटो, बंद पडलेल्या मोबाइलचं सिमकार्ड निघतं. ते उशाशी राहिलं तरच माणसाला झोप लागते. एका बाबांना आम्ही कपाटाची किल्ली दिली, तेव्हा त्यांनी किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि पहिल्यांदा आपलं खरं गाव सांगितलं. तोपर्यंत दुसऱ्याच तालुक्याचं नाव सांगत होते. घरून निघून आलेला माणूस खरं गाव पटकन सांगत नाही, आणि आम्हीही खोदून विचारत नाही.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि ते कागदांचं असतं. केंद्राचा पत्ता वापरून आधार काढता येतं, मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र त्यासाठी चालतं. अडचण बोटांची येते. हमाली, विटा, सिमेंट यांत जन्म गेलेल्या माणसांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्रावर बोट ठेवा, पुसा, पुन्हा ठेवा, दुपार तिथेच जाते. कधी अर्ज नामंजूर होऊन येतो, कारण या माणसाचं आधार आधीच निघालेलं असतं. आम्हाला त्या नकाराचा आनंद होतो! जुना नंबर मिळाला की जुना पत्ता मिळतो, आणि पत्त्यावरून कधी भाऊ, कधी मुलगी सापडते. मात्र घरी फोन लावायचा की नाही हे त्या माणसानेच ठरवायचं. काहींना घरीच मार बसलेला असतो.

आधार झालं की बँकेचं खातं. मग सरकारी अनुदान, संजय गांधी निराधार योजनेचं किंवा ६५ च्या पुढच्यांना श्रावणबाळ योजनेचं, महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि पंधरा वर्षं फलाटावर काढलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? तलाठी, तहसील कचेरी, पुन्हा तलाठी. मतदार नोंदणीचा नियम त्या मानाने समजूतदार आहे. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. तो सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे बघायला बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याने, रात्री येऊन खात्री करायची असते.

आजारपणात या पत्त्याची किंमत कळते. क्षयरोगाच्या साध्या उपचाराला सहा महिने लागतात, आणि रस्त्यावर गोळ्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुटतात. पावसात भिजतात, चोरीला जातात, खोकला थांबला की माणूसच सोडून देतो. केंद्रात काळजीवाहक रोज समोर बसून गोळी देतो. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात, त्यातून अंडी-दूध होतं.

बरं, हे सगळे बिनकामाचे असतात असंही नाही. आमच्याकडे केटरिंगमध्ये वाढप्याचं काम करणारे बरेच आहेत. लग्नसराईत त्यांना झोपायला वेळ नसतो, चातुर्मास लागला की हातात पैसा नसतो. मार्केट यार्डातले हमाल आहेत, नाक्यावरचे बिगारी आहेत. त्यांच्याकडे पैसे येतात, पण खोली मिळत नाही. डिपॉझिट हवं, ओळखीचा माणूस हवा, भाडेकरूच्या पोलीस पडताळणीला कागद हवेत. सगळं असूनही ‘आधी कुठे राहत होता?’ या प्रश्नाला ‘निवारा केंद्रात’ म्हटलं की घरमालक दार लावतो. तुम्ही म्हणता तसे काही जण पुन्हा रस्त्यावर जातात हे खरं आहे. काही दारूपायी जातात. पण कितीतरी जण केवळ या शेवटच्या पायरीवर अडतात. केंद्र आणि स्वतःची खोली यांच्या मध्ये कुठलीच योजना हात देत नाही. माझ्या मते सरकारने आता पैसा घालायचा तर इथे घालावा.

तुम्ही काय करा? एकदम न्यायला जाऊ नका. रोज त्याच वेळी चहा घेऊन जा, नाव सांगा, नाव विचारा, शेजारी बसा. मग महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नागरी उपजीविका कक्षात जाऊन जवळचं केंद्र कोणतं ते विचारा आणि तिथल्या माणसालाच बसस्टँडवर बोलवा. आमच्यासारखे लोक रात्री फेरीला जातातच. शक्य असेल तर आजोबांना दिवसा केंद्र नुसतं दाखवून आणा. जेवण, संडास-बाथरूम, आपली खाट कुठे असेल हे डोळ्यांनी बघितलेला माणूस लवकर तयार होतो.

ते स्वतःशीच बोलत असतील, अंगावरच्या जखमेचंही भान नसेल, तर रस्ता वेगळा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. ठाण्यात हे कलम नावानिशी सांगा, फरक पडतो. सल्ल्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनमध्ये डॉ. भरत वाटवानी यांनी अशा हजारो माणसांना उपचार करून घरी पोचवलंय, त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी. तेव्हा ‘वेडा आहे, काय होणार’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि आजोबा केंद्रात आले की तुमचं काम संपलं असं धरू नका. जुने कपडे आमच्याकडे भरपूर येतात. कमी पडतात त्या चपला, नवीन अंतर्वस्त्रं, वाचायचे चष्मे. सगळ्यात कमी पडतो तो कामाच्या दिवशी तहसील कचेरीत त्यांच्यासोबत रांगेत उभा राहणारा माणूस. महिन्यातून एक सकाळ तुम्हाला काढता आली, तर तिथल्या व्यवस्थापकाला पहिल्या भेटीतच सांगून ठेवा.