कीबोर्ड की व्हायोलिन, असं विचारलंस म्हणून

बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप येऊन चार दिवस झाले. फोनवर उत्तर दिलं असतं तर "वाजव दोन्ही" एवढं म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. घरचे म्हणतात, दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस. क्लासमधल्या बाई म्हणतात, व्हायोलिन हे पूर्ण आयुष्य मागणारं वाद्य आहे. दोघांचं चूक नाही. पण दोघांनीही एडी जॉब्सनचं नाव ऐकलेलं नसणार.

हा कीबोर्ड आणि व्हायोलिन दोन्ही वाजवणारा रॉक वादक, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या बिलिंगहॅमचा, जन्म 1955 चा. 1972 मध्ये 'कर्व्ह्ड एअर' नावाच्या बँडमधून व्हायोलिनवाला डॅरिल वे आणि कीबोर्डवाला फ्रान्सिस मंकमन असे दोघंही बाहेर पडले. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर एकच सतरा वर्षांचा पोरगा येऊन बसला. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. एकच वाद्य वाजवणारा त्या वाद्याच्या रांगेत उभा असतो. दोन वाजवणाऱ्याला रांग नसते, पण त्याला आधी कुणीतरी उठून जावं लागतं.

पुढच्याच वर्षी 'रॉक्सी म्युझिक' या बँडमधून ब्रायन ईनो गेला आणि त्याच्या जागी जॉब्सन आला. ईनो म्हणजे सिंथेसायझर आणि टेपशी खेळून चित्रविचित्र आवाज काढणारा माणूस, तो काही शिकून तयार झालेला वादक नव्हे. त्याच्या जागी येऊन त्याचीच नक्कल केली असती तर हा पोरगा फार टिकला नसता. त्याने आपलं तेच आणलं: पियानो आणि व्हायोलिन. 1974 च्या 'कंट्री लाइफ'मधलं 'आउट ऑफ द ब्लू' शेवटपर्यंत ऐक. गाणं संपत आलं असं वाटतं आणि तिथून व्हायोलिन जे सुटतं, ते ऐकून मी पहिल्यांदा कॅसेट उलटी फिरवून पाच वेळा तेवढंच ऐकलं होतं.

आता एक गंमत सांगतो, तुझ्या धंद्याच्या कामाची आहे. अमेरिकन गिटारवादक फ्रँक झॅपाच्या 1976 च्या 'झूट अल्यूर्स' या रेकॉर्डच्या कव्हरवर जॉब्सनचा फोटो आहे, पण त्या रेकॉर्डवर त्याने वाजवलेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या किंग क्रिम्सनच्या 'यूएसए' या लाइव्ह रेकॉर्डवर त्याने मागाहून स्टुडिओत व्हायोलिन आणि कीबोर्ड भरलेत, पण त्या बँडमध्ये तो कधी नव्हताच. 1980 ची 'जेथ्रो टल' या बँडची 'ए' घे. ती खरं तर त्या बँडचा म्होरक्या इयन अँडरसनची स्वतःची रेकॉर्ड व्हायची होती, बाहेर आली बँडच्या नावाने, आणि जॉब्सनची नोंद 'खास पाहुणा'. 1983 मध्ये 'येस' या बँडच्या एका गाजलेल्या गाण्याच्या व्हिडिओत तो ओझरता दिसतो, पण गाण्यात वाजवणारा तो नाही.

कुठे फोटोत आहे, कुठे आवाजात, कुठे पाहुण्यांच्या यादीत. दोन वाद्यांच्या माणसाच्या वाट्याला हे येतंच. माझ्याही आलं. तरुणपणी एका कॅसेटवर मी सात गाण्यांत हार्मोनियम आणि दोन गाण्यांत व्हायोलिन वाजवलं. कव्हरवर माझं नाव नव्हतं, निर्मात्याच्या मेव्हण्याचं होतं. तेव्हा रागाने आठ दिवस जेवण गेलं नाही. आज सांगेन ते एवढंच, की वाजवण्याआधी नाव कुठे आणि कसं छापणार हे कागदावर घे, पैशांच्या आधी घे.

पण त्याच्या यादीकडे दुसऱ्या बाजूनेही बघ. जॉन वेटन हा 'रॉक्सी'च्या दौऱ्यांत बास वाजवायला यायचा. ड्रमवाला टेरी बोझिओ झॅपाच्या बँडमध्ये जॉब्सनसोबत होता. 1977 मध्ये 'यूके' हा बँड उभा राहिला तो वेटन, जॉब्सन, ड्रमवाला बिल ब्रुफर्ड आणि गिटारवाला ॲलन होल्ड्सवर्थ यांचा. पुढे ब्रुफर्ड आणि होल्ड्सवर्थ गेल्यावर बोझिओ आला. आणि टलच्या अमेरिकेतल्या दौऱ्यात 'यूके' आधी वाजवायचा, त्यातूनच अँडरसनचं बोलावणं आलं. म्हणजे कामं आली ती स्टेजवर शेजारी उभं राहणाऱ्या माणसांकडून. तू मात्र दिवसभर रील टाकतेस आणि तालमीला वीस मिनिटं उशिरा येतेस. असो.

'यूके'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुला खरं शिकायचं ते तिथे आहे. 1978 च्या पहिल्या रेकॉर्डमध्ये 'अलास्का' म्हणून एक तुकडा आहे, त्याची सुरुवात यामाहाच्या सीएस-80 या सिंथेसायझरवर. हे यंत्र शंभर किलोच्या आसपास वजनाचं, थंडी-उकाड्याने सुरातून सरकणारं, हमालांचे शाप खाणारं. पण त्यात दोन गोष्टी होत्या. प्रत्येक पट्टी बोटाचा दाब स्वतंत्रपणे ओळखायची, आणि वर एक लांब पट्टा होता, त्यावर बोट सरकवलं की सूर सरकायचा. हे कशासारखं आहे ते तुला सांगायला नको. गजाचा दाब आणि मींड! पियानोवाल्याला हे यंत्र म्हणजे खूप आवाजांचा ऑर्गन वाटेल, व्हायोलिनवाल्याला त्यात जीव दिसतो. दोन वाद्यं शिकल्याचा खरा फायदा हा, एका हाताने दुसऱ्याला शिकवण्याचा. दौऱ्यावर दोन मानधनं मिळतील असं समजू नकोस, मिळत नाहीत.

होल्ड्सवर्थ गेल्यावर तिघंच उरले आणि 1979 च्या 'डेंजर मनी'त गिटार नाहीच. गिटारने जी जागा धरायची ती कीबोर्ड आणि व्हायोलिनने धरली. इथे एक साधी अडचण बघ: व्हायोलिन हातात घेतलं की कॉर्ड धरायला कोण? दोन हात तर गज आणि तारांत अडकलेले. म्हणून असं गाणं आधीपासून तसंच बांधावं लागतं, की व्हायोलिनच्या वेळी बासने तळ भरून धरावा आणि ड्रमने मोकळी जागा मागू नये. तू कॉलेजच्या बँडमध्ये करतेस तसं, कीबोर्ड सोडून धावत व्हायोलिन उचलणं आणि मागे चार मात्रांची शांतता, हे चालणार नाही.

तुझी आणखी एक अडचण त्याला नव्हती. आपण मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलावर टेकवून वाजवतो, तारा सा-पवर लावतो. कीबोर्डसमोर उभं राहून हे जमणार नाही. उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायची वेगळी सवय कर आणि पाश्चात्त्य पद्धतीने लावलेलं दुसरं व्हायोलिन घे. जुनं सोडू नकोस. मींडेचा हात तिकडूनच येणार आहे. 'यूके'चं 'इन द डेड ऑफ नाइट' सात मात्रांत आहे, मोजायला तुला जड जाणार नाही, सात मात्रांचा रूपक ताल तुझ्या अंगात आहे. फक्त तिथे 'खाली', म्हणजे टाळी नसलेली मात्रा, शोधत बसू नकोस.

नंतरचं पटकन सांगतो. 1983 ला स्वतःची 'द ग्रीन अल्बम', 1985 ला सिंक्लाव्हियर या डिजिटल सिंथेसायझरवर एकट्याने केलेली 'थीम ऑफ सीक्रेट्स', मग जाहिराती आणि टीव्ही मालिकांचं संगीत, म्हणजे बरीच वर्षं स्टेजवर नाहीच. लोक याला वाया गेलेली वर्षं म्हणतात. मला तसं वाटत नाही, घरभाडं देणाऱ्या कामाला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण 2011 मध्ये तो वेटनबरोबर पुन्हा 'यूके' म्हणून उभा राहिला, 2015 पर्यंत वाजवलं, आणि 2017 मध्ये वेटन आणि होल्ड्सवर्थ दोघंही वारले. त्या चार वर्षांआधी इतका वेळ का घालवला, हे मी अजून त्याच्यावर रागवून विचारतो. 2019 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं ते 'रॉक्सी'बरोबर, म्हणजे अठराव्या वर्षी भरलेल्या ईनोच्या रिकाम्या खुर्चीसाठी.

रविवारी ये. दोन्ही वाद्यं आण, आणि 'अलास्का' पाठ करून ये. माझ्या जुन्या कीबोर्डवर पट्टा नाही, पण पिच-व्हील, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं चाक, आहे, तेवढ्यावर भागवू. काकू थालीपीठ करणार आहे, त्यामुळे दहाला म्हणजे दहाला.

तुझा,
काका